यहुद्यांचे धर्मशास्त्र : हलाखा

पुण्याच्या कँपातील लाल देऊळ पाहिले नाही असा पुणेकर विरळाच. डेव्हिड ससून ह्यांच्या दातृत्वाने उभे राहिलेले आणि १८६७ साली पूर्ण झालेले हे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर होय. आपण त्याला देऊळ म्हणतो खरे, परंतु आत मूर्ती नाही, गाभारा नाही, नैवेद्यही नाही. कोणत्याही यहुदी प्रार्थनामंदिरात गेले तर जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीशी एक कपाट दिसते, आणि त्या कपाटात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या ग्रंथाच्या गुंडाळ्या असतात. ह्या ग्रंथाला ‘तोरा’ म्हणतात. ज्या जागी आपली नजर देव शोधते त्या जागी ह्या लोकांनी ग्रंथ ठेवला आहे, आणि त्या ग्रंथाचा मोठा भाग विधिनिषेधांचा, म्हणजे कायद्याचा आहे. हा कायदा कसा वाढला आणि माणसाच्या आयुष्यात तो काय काम करतो, एवढ्याचाच आम्ही येथे विचार करणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. यहुदी कायदा म्हटला की डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा, दात पाडणाऱ्याचा दात पाडावा, एवढेच पुष्कळांना आठवते. तोरामध्ये तशी आज्ञा आहे, हे खरे. परंतु तिचा अर्थ यहुदी पंडितांनी काय ठरविला, हे कोणी विचारीत नाही. त्यांनी असा प्रश्न उपस्थित केला की, एका आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचे काय फोडणार? दोन माणसांचे डोळे सारखे असतात, हे तरी कोणी ठरविले? अशा तर्काने त्यांनी ठरविले की, आज्ञेचा अर्थ भरपाई असा घ्यावयाचा. आणि ती भरपाई पाच बाबींची : अवयवाचे नुकसान, सोसलेली वेदना, औषधोपचाराचा खर्च, बुडालेला रोजगार आणि झालेली अप्रतिष्ठा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नोंदलेल्या ह्या यादीत अप्रतिष्ठेचेही मोल धरले आहे, हे आम्हांस विशेष वाटते. ग्रंथातील अक्षर जागचे हलले नाही, पण त्याचा अर्थ माणसांनी बसून, वाद घालून ठरविला. यहुदी धर्मशास्त्राची सारी रीत ह्या एका उदाहरणात आहे.

ह्या शास्त्राचे नाव ‘हलाखा’. हिब्रू भाषेत चालणे, जाणे ह्या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून हा शब्द झाला. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. आपणही ‘चालरीत’ म्हणतो, ‘चालचलणूक’ म्हणतो. ‘हे आमच्यात चालते’ आणि ‘हे आमच्यात चालत नाही’ असे घरोघर बोलतो. काय चालते आणि काय चालत नाही, ह्याचे शास्त्र म्हणजे हलाखा.

त्याचा पसारा फार मोठा आहे. परंपरेने तोरामधील आज्ञांची संख्या ६१३ मानली जाते : त्यांपैकी २४८ करावयाच्या आणि ३६५ न करावयाच्या. ह्यांतल्या पुष्कळ आज्ञा जेरुसलेमच्या मंदिरातील यज्ञबलीसंबंधी असल्यामुळे आज त्या पाळणे शक्य नाही. उरलेल्या आज्ञा मात्र दिवसाच्या प्रत्येक घटकेला स्पर्श करतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी कोणती कामे वर्ज्य, ह्याचे ३९ मुख्य प्रकार सांगितले आहेत. मांस आणि दूध एकत्र शिजवावयाचे नाही, एकत्र खावयाचे नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल घरांतून मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध लावतात, कारण ते नावाचेच दूध! परंतु हलाखा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. मजुराची मजुरी वेळच्या वेळी द्यावी, वजने-मापे खरी असावीत, सापडलेली वस्तू धन्याला कशी पोचवावी, शेजाऱ्याच्या भिंतीला उपद्रव होईल असे काय करू नये, हे सर्व त्याच शास्त्रात त्याच गांभीर्याने येते. देवाचे देणे आणि शेजाऱ्याचे देणे ह्यांचे खातेच येथे वेगळे नाही.

आता हे शास्त्र वाढले कसे ते पाहू. यहुदी परंपरेप्रमाणे लिखित तोराबरोबर एक मौखिक परंपराही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञ थांबले, पुरोहितांचे काम संपले. अशा वेळी योहानान बेन झक्काई नावाचे पंडित यावने ह्या गावी विद्यापीठ मांडून बसले. वेढा पडलेल्या जेरुसलेममधून शिष्यांनी त्यांना शवपेटीत घालून बाहेर काढले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका काहीही असो, यावने येथे जे घडले त्याने ह्या समाजाचा पुढचा इतिहास ठरविला. वेदीची जागा अभ्यासाने, प्रार्थनेने आणि घरच्या भोजनाच्या चौरंगाने घेतली. राज्य गेले, मंदिर गेले. बरोबर नेता येण्याजोगी एकच वस्तू उरली आणि ती म्हणजे हे शास्त्र.

इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हनासी ह्यांनी मौखिक परंपरेचे संकलन केले. त्याला ‘मिश्ना’ म्हणतात. तिचे सहा विभाग आणि ६३ प्रकरणग्रंथ आहेत. पुढे पॅलेस्टाईन आणि बाबिलोनिया येथील विद्यापीठांतून मिश्नेवर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली, आणि ती चर्चा मिश्नेसह ग्रथित झाली तिला ‘तालमूद’ म्हणतात. तालमूद दोन आहेत. त्यांपैकी बाबिलोनियाचा मोठा आणि अधिक मान्य. त्याची पाने २,७११ आहेत. रोज एक पान ह्याप्रमाणे तो साऱ्या जगातील यहुद्यांनी एकाच वेळी वाचावा, असा उपक्रम १९२३ साली सुरू झाला. तो आजही चालू असून एका आवर्तनाला सुमारे साडेसात वर्षे लागतात.

तालमुदाचे छापील पान पाहण्यासारखे असते. मध्यभागी मूळ ग्रंथ, एका बाजूला अकराव्या शतकातील फ्रान्समधले भाष्यकार राशी ह्यांची टीका, दुसऱ्या बाजूला त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यपरंपरेने राशींवरच घेतलेले आक्षेप. ही मांडणी व्हेनिसच्या डॅनिएल बॉम्बर्ग ह्या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० नंतरच्या आपल्या आवृत्तीत रूढ केली. बाबिलोनियाचा आचार्य, फ्रान्सचा भाष्यकार आणि त्यांचा खोडा काढणारा नातू हे सारे त्या एका पानावर एकमेकांशी वाद घालीत बसलेले असतात. कोणाचाही आवाज पुसून टाकलेला नाही.

ह्या वादाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या आरंभकाळी हिल्लेल आणि शम्माय ह्या दोन आचार्यांच्या परंपरा होत्या, आणि शेकडो प्रश्नांवर त्यांचे मतभेद होते. शेवटी निर्णय बहुतेक ठिकाणी हिल्लेलांच्या बाजूने झाला. त्याचे कारण तालमूद सांगतो ते ऐकण्यासारखे आहे : हिल्लेलांचे अनुयायी सौम्य होते, आणि आपले मत शिकविण्यापूर्वी ते प्रतिपक्षाचे मत शिकवीत असत. दोन्ही मते ईश्वराचीच मानली गेली. चालावयाचे मात्र एकाच मताप्रमाणे. हरलेले मतही ग्रंथात जपून ठेवले गेले.

तालमुदात एका चुलाणाची कथा आहे. मातीच्या कड्यांमध्ये वाळू भरून बनविलेले एक चुलाण धार्मिकदृष्ट्या शुद्ध की अशुद्ध, असा वाद निघाला. रब्बी एलिएझर म्हणाले शुद्ध. बाकी सारे म्हणाले अशुद्ध. एलिएझरांनी होते नव्हते ते सर्व युक्तिवाद केले, पण कोणी मानीना. तेव्हा ते म्हणाले की, आपले खरे असेल तर ते झाड साक्ष देईल. झाड उपटून शंभर हात दूर गेले. पंडित म्हणाले, झाडाची साक्ष चालत नाही. ओढा उलटा वाहिला. तेही चालले नाही. विद्यालयाच्या भिंती कलल्या. त्यांना रब्बी यहोशुआंनी दटावले की, पंडितांच्या वादात तुमचे काय काम? शेवटी आकाशवाणी झाली की, एलिएझरांचेच खरे. यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले की, शास्त्र आता स्वर्गात राहिलेले नाही. ते माणसांच्या हाती दिले गेले आहे आणि निर्णय बहुमतानेच होईल. त्यावर ईश्वर हसला आणि लेकरांनी आपल्याला हरविले असे म्हणाला, असे कथा सांगते.

ही कथा सांगणारे पुष्कळ जण येथेच थांबतात. तालमूद मात्र थांबत नाही. सभेने एलिएझरांना बहिष्कृत केले. ही वार्ता सांगावयास रब्बी अकिवा काळी वस्त्रे नेसून गेले आणि गुरूंपासून चार हात दूर बसले. एलिएझर समजले. त्यांनी वस्त्र फाडले, जमिनीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्या दिवशी ऑलिव्ह, गहू आणि जव ह्यांच्या पिकाचा तिसरा हिस्सा जळाला, असे कथा म्हणते. सभेचे प्रमुख गमलिएल हे एलिएझरांच्या पत्नीचे बंधू होते. पतीने दुःखाने लोटांगण घालून देवाला हाक मारू नये म्हणून ती त्यांना जपत असे. एके दिवशी तिची नजर चुकली आणि तिकडे गमलिएल मृत्यू पावले. ही कथा तालमुदाने कोणत्या प्रकरणात घातली आहे? शब्दाने दुसऱ्याला दुखविण्याच्या पापाच्या प्रकरणात! सभेचा निर्णय कायम राहिला, आणि तो योग्यच मानला जातो. पण निर्णय बरोबर असला म्हणून ज्याच्यावर तो पडला त्याच्या अश्रूंची जबाबदारी टळत नाही, असे शास्त्रानेच स्वतःला बजावून ठेवले आहे. ह्या शास्त्राची परीक्षा घ्यावयाची तर ह्याच कसोटीवर घेतली पाहिजे.

काही ठिकाणी ते ह्या कसोटीला पुरेपूर उतरते. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, एवढेच नव्हे तर मोडलाच पाहिजे, असा हलाखाचा स्पष्ट नियम आहे. जिवाला धोका आहे की नाही ही शंका असली तरीही! दर सातव्या वर्षी कर्जे माफ व्हावीत, अशी तोराची आज्ञा होती. तिचा परिणाम असा होऊ लागला की, सातवे वर्ष जवळ आले की गरिबाला कोणी कर्जच देईना. तेव्हा हिल्लेलांनी कर्ज न्यायसभेच्या स्वाधीन करण्याची लेखी युक्ती काढली. त्यामुळे सावकाराचा पैसा बुडेना आणि गरिबाची सोयही राहिली. इसवी सन १००० च्या सुमारास जर्मनीतील मेन्झ येथील रब्बी गेर्शोम ह्यांच्या नावे काही निर्बंध प्रसिद्ध आहेत : एका पुरुषाने दोन बायका करू नयेत, पत्नीच्या संमतीवाचून तिला सोडचिठ्ठी देऊ नये, आणि दुसऱ्याचे पत्र उघडून वाचू नये. परक्या राजांच्या राज्यात राहणाऱ्यांसाठी बाबिलोनियाच्या शमुवेल ह्यांनी तिसऱ्या शतकातच सांगून ठेवले होते की, व्यवहारात देशाचा कायदा हा कायदाच मानावा.

पुढे निर्णय शोधणे सोपे व्हावे म्हणून संग्रहग्रंथ झाले. बाराव्या शतकात ईजिप्तमध्ये मायमॉनिडीझ ह्यांनी चौदा खंडांत साऱ्या शास्त्राची मांडणी केली. १५६५ साली योसेफ कारो ह्यांचा ‘शुल्हान आरुख’ छापून निघाला. ह्या नावाचा अर्थ ‘मांडलेला चौरंग’. आपल्याकडे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’ला जे स्थान मिळाले, तसेच काहीसे ह्या ग्रंथाला मिळाले. कारो ह्यांनी स्पेनकडील आचार दिला होता. तेव्हा पोलंडमधील क्राकोचे मोझेस इसेर्लेस ह्यांनी आपल्याकडील आचार टिपणांच्या रूपाने जोडला आणि त्या टिपणांना ‘चौरंगावरील चादर’ असे नाव दिले. आजही दोन्ही एकत्रच छापतात.

परंतु ज्या ठिकाणी शास्त्र माणसाला टोचते ती ठिकाणे झाकून ठेवणे बरे नव्हे. सोडचिठ्ठीचाच प्रश्न घ्या. हलाखाप्रमाणे विवाह मोडावयाचा तर पतीने स्वखुशीने पत्नीच्या हाती लेखी सोडचिठ्ठी दिली पाहिजे. पती समुद्रात बुडाला, युद्धात नाहीसा झाला आणि मृत्यूचा पुरावा मिळाला नाही, तर ती स्त्री ना सधवा ना विधवा. तिला ‘अगुना’, म्हणजे जखडलेली, म्हणतात. अशा स्त्रीसाठी पंडितांनी पुराव्याचे नियम मुद्दाम सैल केले. इतर बाबतींत दोन साक्षीदार लागतात. येथे एक पुरतो, ऐकीव साक्षही पुरते. १९७३ च्या युद्धानंतर बेपत्ता इस्राएली सैनिकांच्या बायकांचे प्रश्न आले, तेव्हा रब्बी ओवादिया योसेफ ह्यांनी एकेका प्रकरणाचा पुरावा तपासून शेकडो स्त्रियांना पुनर्विवाहाची मोकळीक दिली.

पण पती जिवंत आहे आणि केवळ द्वेषाने सोडचिठ्ठी देत नाही, तेव्हा काय? मायमॉनिडीझ ह्यांनी अशा पतीवर न्यायसभेने सक्ती करावी असे लिहिले होते. परंतु सत्ता नसलेल्या समाजात सक्ती करणार कोण? इस्राएलमध्ये यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत. १९९५ च्या कायद्याने त्या न्यायालयांना अडेल पतीचे पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना आणि बँकेतील खाते ह्यांवर निर्बंध घालण्याचा आणि त्याला तुरुंगात धाडण्याचाही अधिकार दिला. अमेरिकेत काही रब्बींनी विवाहापूर्वीच करारपत्र करून घेण्याचा मार्ग काढला. तरीही वाट पाहत बसलेल्या स्त्रिया आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत उदयास आलेल्या सुधारणावादी यहुद्यांनी हलाखाचे बंधन पुष्कळच सैल केले. सनातनी म्हणतात की, मार्ग शोधावयाचा तो शास्त्राच्या आतच शोधावा. हा वाद मिटलेला नाही.

ह्याच सोडचिठ्ठीच्या प्रश्नाची झळ मराठी बोलणाऱ्या लोकांनाही लागली. बेने इस्राएल आपल्या कोकणात शतकानुशतके राहत आले. नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवावा आणि शनिवारी तो बंद ठेवावा, ह्यामुळे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध त्यांनी टिकविले. तालमूद मात्र त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. पुढे कोचीन आणि इतर ठिकाणच्या यहुद्यांकडून त्यांनी शास्त्र शिकून घेतले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले, आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाच्या पोथीची मराठी भाषांतरासह आवृत्ती निघाली.

इस्राएलचे राज्य १९४८ साली झाल्यावर ह्यांपैकी हजारो लोक तेथे गेले. तेथील काही रब्बींनी शंका काढली की, तालमूद ठाऊक नसताना ह्यांच्या पूर्वजांनी सोडचिठ्ठ्या शास्त्रोक्त दिल्या होत्या कशावरून? सोडचिठ्ठी सदोष असली तर त्या स्त्रीचा दुसरा विवाह व्यभिचार ठरतो, आणि त्या संततीला पिढ्यान्‌पिढ्या इतर यहुद्यांशी विवाह करता येत नाही. १९६१ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाहाला तत्त्वतः मान्यता दिली. परंतु १९६२ साली अशा वधूवरांच्या मातेची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे आदेश निघाले. ज्यांनी एकाकी किनाऱ्यावर शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याच आजीपणजीचे सोवळे तपासले जाऊ लागले! बेने इस्राएलांनी चळवळ केली, जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि रब्बीमंडळाने आदेश बदलून त्यांतून ह्या समाजाचे नाव काढून टाकले.

ह्या प्रकरणातून शास्त्र निर्दय असते, एवढाच बोध घेतला तर तो अपुरा होईल. कारण त्याच तालमुदात असेही सांगितले आहे की, जे कुळ समाजात मिसळून गेले ते मिसळले, त्याची उकराउकर करू नये. शंका काढणाऱ्यांच्या हाती शास्त्र होते. तसेच पाठीशी घालणाऱ्यांच्या हातीही शास्त्रच होते. कोणते पान उघडावयाचे हे शेवटी माणूसच ठरवितो. शास्त्र आता स्वर्गात नाही, हे वाक्य अभिमानाने सांगता येते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, त्याच्या नावे जे बरेवाईट होते त्याची जबाबदारीही स्वर्गावर टाकता येत नाही.

राज्य नसता, सैन्य नसता, अठराशेहून अधिक वर्षे एका कायद्याने पांगलेल्या समाजाला एकत्र ठेवले, हे हलाखाचे कार्य असामान्य आहे. लोकांनी तो पाठ केला, त्यावर भांडण केले आणि हरलेल्यांचेही म्हणणे लिहून ठेवले, म्हणून तो टिकला. आपल्याकडेही ‘आमच्यात हे चालत नाही’ असे म्हणून माणसाला दाराबाहेर उभे केलेले आपण पाहिले आहे. लाल देवळावरून जाताना त्या कपाटातील गुंडाळ्या आठवाव्यात, आणि त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून रडणारे एलिएझरही आठवावेत. त्यांचे अश्रू ज्या ग्रंथाने नोंदून ठेवले, तो ग्रंथ वाचणाऱ्याला दाराबाहेरच्या माणसाकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही.